आधी हिमोग्लोबिन, मग शस्त्रक्रिया

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरच्या सणसवाडीत कारखान्याच्या पाळीवर उभी राहणारी बाई धाप, चक्कर, थकवा अंगावर काढते. गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेची वेळ येते, तेव्हा कुठे रिपोर्टवर हिमोग्लोबिन ९ दिसते. हवे किमान १२.

ही एकटीची गोष्ट नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे.

प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिनच कमी असेल, तर शस्त्रक्रियेतला थोडा रक्तस्रावही जड जातो. ‘लॅन्सेट’मध्ये २०११ साली आलेल्या सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात सौम्य रक्तक्षय असलेल्यांमध्येही पुढच्या ३० दिवसांत गुंतागुंत आणि मृत्यू जास्त आढळले.

आयत्या वेळी रक्ताची पिशवी चढवली, तरी मूळ कारण तसेच राहते. लोहाच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. गोळीपाठोपाठ चहा घेतला, तर लोह नीट शोषलेही जात नाही. म्हणून तातडी नसलेल्या शस्त्रक्रियेचा निर्णय होताच तपासणी, कारणाचा शोध आणि उपचार सुरू व्हायला हवेत. शिरूर-दौंडमधल्या रुग्णालयांनी हा नियमच करावा आणि कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्य तपासणीत हिमोग्लोबिन मोजावे.