चार रकान्यांतील मॉरिशस

सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांतून मॉरिशसची ओळख चार-पाच ओळींत संपते. हिंदी महासागरातील बेट, राजधानी पोर्ट लुई, मुख्य पीक ऊस, नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याची भूमी आणि लोकसंख्येत भारतीय वंशीयांचे बहुमत. यांतील प्रत्येक विधान खरे आहे. भाषणांतून व प्रवासवर्णनांतून त्याला ‘छोटा भारत’ हे लाडके विशेषण जोडले जाते आणि मग त्या देशाविषयी अधिक काही जाणून घेण्याची कोणाला गरज वाटत नाही. वस्तुतः स्वातंत्र्यापासून मॉरिशस ज्या प्रश्नाशी झगडत आहे, तो प्रत्येक बहुजिनसी समाजापुढील प्रश्न आहे. भिन्न वंशांच्या व धर्मांच्या लोकांना राज्यकारभारात वाटा कसा द्यावा, आणि तो देताना त्यांना आपापल्या कप्प्यात कायमचे कसे कोंडू नये, हा तो प्रश्न होय.

आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे २,००० किलोमीटर अंतरावर, मादागास्करच्या पूर्वेस हे ज्वालामुखीजन्य बेट वसले आहे. प्रवाळांच्या कड्याने त्याचा बहुतेक किनारा वेढलेला असून त्याचे सर्वोच्च शिखर अवघे ८२८ मीटर उंचीचे आहे. सुमारे ५६० किलोमीटर पूर्वेकडील रॉड्रिग्ज बेट धरूनही देशाचे क्षेत्रफळ २,०४० चौरस किलोमीटरच्या आसपास भरते आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात आहे. या भूमीवर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. १५९८ साली डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे, नाव बेटाला दिले. १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला, तर १८१० मध्ये ते इंग्रजांनी जिंकले. फ्रेंचांनी आफ्रिका व मादागास्करमधून गुलाम आणले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा उसाच्या मळ्यांना मजुरांची वाण पडू नये म्हणून इंग्रजांनी भारताकडे नजर वळवली. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय करारबद्ध मजूर या बेटावर उतरले. ते जेथे उतरत, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. पळून गेलेले गुलाम ज्याच्या कडेकपारीत आश्रय घेत, त्या ल मॉर्न पर्वताला २००८ मध्ये तोच मान मिळाला. एकाच राष्ट्राने गुलामांची व मजुरांची अशी दोन स्मारके जवळ बाळगावीत, यात त्याच्या इतिहासाचे सार आहे.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याचा हा दिवस दांडी यात्रेच्या आरंभाचाही दिवस आहे. परंतु ते स्वातंत्र्य सर्वांनी एकदिलाने मागितलेले नव्हते. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला मते दिली होती. भारतीय वंशाच्या हिंदूंचे राज्य येईल आणि आपण परके ठरू, ही भीती त्यामागे होती. स्वातंत्र्याला दोन महिने राहिले असता राजधानीत जातीय दंगे उसळले आणि ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या आपल्या अहवालात वाढती लोकसंख्या आणि एकाच पिकावरील भिस्त पाहून देशाच्या भवितव्याविषयी निराशेचा सूर लावलाच होता.

या भीतीवर उतारा म्हणून राज्यघटनेत एक विलक्षण तरतूद करण्यात आली. मुख्य बेटावर २० मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन सभासद निवडले जातात. रॉड्रिग्जमधून दोन येतात. अशा ६२ निर्वाचित सभासदांखेरीज जास्तीत जास्त आठ जागा पराभूत उमेदवारांपैकी उत्तम मते मिळवणाऱ्यांना दिल्या जातात. ‘बेस्ट लूझर’ या नावाने ती पद्धत ओळखली जाते. या जागा कोणत्या जमातीला सभागृहात पुरेसे स्थान मिळाले नाही, हे पाहून वाटल्या जातात. त्यासाठी घटनेने समाजाचे चार रकाने पाडले आहेत. हिंदू, मुसलमान, चिनी वंशीय आणि या तिन्हींत जो बसत नाही तो ‘सामान्य जनता’. उमेदवाराने आपण कोणत्या रकान्यातील, हे अर्ज भरतानाच सांगावयाचे असते.

या व्यवस्थेने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विभक्त मतदारसंघांनी भारतात काय केले, हे मराठी वाचकास ठाऊक आहे. मॉरिशसने तो मार्ग टाळला. तेथे सर्वांना मिळूनच मतदान करावे लागते, त्यामुळे पक्षांना तीन उमेदवार निवडताना वेगवेगळ्या समाजांतून निवडणे सोयीचे जाते. शिवाय तेथील निवडणूकपद्धती विजेत्याच्या पदरात अवाजवी माप टाकते. १९८२, १९९५ आणि २०२४ या तिन्ही वर्षी विजयी आघाडीने मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या. अशा वेळी विरोधकांना सभागृहाचे दार उघडे राहिले, ते या पराभूतांच्या जागांमुळेच. मतपेटीतून सत्तांतर व्हावे आणि पराभूत पंतप्रधानाने निमूटपणे पायउतार व्हावे, ही गोष्ट तेथे रुळली आहे. नवस्वतंत्र देशांच्या मालिकेत ही मिळकत लहान नव्हे.

मात्र काल जे औषध होते, ते रोजचे अन्न होऊ शकत नाही. जमातवार शिरगणती मॉरिशसमध्ये शेवटची झाली ती १९७२ साली. पुढे ती बंद झाली, आणि तरीही जागांची वाटणी त्याच आकड्यांवर होत राहिली. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, अशा मतदारांचे प्रतिनिधित्व आजोबांच्या काळच्या गणतीने ठरावे, हा व्यवहार हिशेबी माणसाला पटणारा नाही. नवी गणती करावी, तर विझत आलेली आग फुंकल्यासारखे होईल, आणि न करावी, तर आकडे निरर्थक ठरतात. ही कोंडी आकडेमोडीची नाही, तत्त्वाची आहे.

‘सामान्य जनता’ या रकान्याकडे पाहिले, म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. साखर कारखान्यांचे मालक असलेले फ्रेंच वंशाचे गोरे आणि त्यांच्याच पूर्वजांनी राबवलेल्या गुलामांचे वंशज असलेले क्रिओल या एकाच रकान्यात बसवले गेले आहेत. त्या रकान्यातून कोणी निवडून आला, तर त्याने क्रिओल मच्छीमाराचे वा गोदी कामगाराचे गाऱ्हाणे मांडले, असे कसे मानावे? फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेटावर कित्येक दिवस दंगली पेटल्या. सभागृहातील जागांचा हिशेब जुळला, म्हणून समाजाचा हिशेब जुळत नसतो, हे तेव्हा साऱ्यांना कळून चुकले. स्वातंत्र्यापासून आजवर हिंदू नसलेला पंतप्रधान एकच झाला, तो म्हणजे २००३ ते २००५ या काळातील पॉल बेरांजे. सर्वोच्च पद जणू एका रकान्याचे वतन आहे, असा समज त्यामुळे बळावला.

आपली जमात सांगण्यास नकार देणाऱ्या काही उमेदवारांचे अर्ज फेटाळले गेले, तेव्हा त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली. २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले. २०१४ च्या निवडणुकीपुरती ही सक्ती दूर करण्यात आली, परंतु कायमचा उपाय पुढे ढकलला गेला. त्याच्याही आधी, २००२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेचे न्यायाधीश अल्बी सॅक्स यांच्या आयोगाने मतांच्या प्रमाणात काही जागा देण्याची योजना सुचवली होती. तीच वाट योग्य आहे. पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळाल्या, तर साठ विरुद्ध शून्य असा विपरीत निकाल लागणार नाही आणि अल्पसंख्यांना स्थान देण्याची जबाबदारी पक्षांच्या यादीवर येईल. अल्पसंख्यांची भीती खोटी म्हणून झटकून टाकणे मात्र धोक्याचे ठरेल. पर्यायी हमी हातात पडल्यावाचून जुनी हमी सोडण्यास कोणीही धजणार नाही, आणि बहुसंख्य समाजाच्या नेत्यांनी प्रथम पाऊल टाकल्याखेरीज ती हमी विश्वासार्ह वाटणार नाही.

घटनेच्या या चार रकान्यांशी लोकजीवनाचा मेळ आता उरलेला नाही. देशातील बहुसंख्य लोक घरी क्रिओल बोलतात. कारभाराची भाषा इंग्रजी आहे, वृत्तपत्रे प्रायः फ्रेंच आहेत, आणि ज्या भाषेत लोक हसतात, भांडतात, त्या क्रिओलला शाळेत ऐच्छिक विषय म्हणून प्रवेश मिळाला तो थेट २०१२ मध्ये. एकेकाळी खेड्यांत सर्रास ऐकू येणारी भोजपुरी मात्र मागे हटते आहे. २००० च्या जनगणनेत सुमारे १२ टक्के लोकांनी ती घरची भाषा म्हणून नोंदवली होती, २०११ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. भाषा ओठांवरून ओसरते, तसतशी ती अभिमानाचे चिन्ह म्हणून अधिक हट्टाने मिरवली जाते. १९९८ साली नोटांवरील लिप्यांचा क्रम बदलून तमिळ मागे टाकली गेली, तेव्हा तमिळ समाजात एवढा क्षोभ उसळला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या.

येथेच मराठी माणसाचा संबंध येतो. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत कोकण व घाटमाथ्यावरील मराठी कुटुंबे होती. त्यांच्या वंशजांनी गणेशचतुर्थी जपली, आणि आज ती तेथे राष्ट्रीय सुट्टी आहे. कोकणातील जाखडीशी नाते सांगणारे झाकरी नृत्य तेथे जिवंत आहे. सरकारी शाळांतून आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून मराठी शिकवली जाते. २०२३ मध्ये मोका येथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, त्यास महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. हा जिव्हाळा स्वागतार्ह आहे. तथापि घटनेच्या हिशेबात हे मराठी भाषक ‘हिंदू’ या रकान्यात जमा होतात आणि घरी बहुतांशी क्रिओल बोलतात. त्यांना महाराष्ट्राकडून पुतळ्यांपेक्षा पाठ्यपुस्तके, कोश आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जोड अधिक उपयोगी पडेल. त्याचबरोबर ते मॉरिशसचे नागरिक आहेत, महाराष्ट्राची दूरची वसाहत नव्हेत, याचे भानही असले पाहिजे. बाहेरून आलेल्या प्रत्येक पाठबळाने तेथील रकान्याची रेघ थोडी अधिक ठळक होते.

एका बाबतीत मात्र सारा मॉरिशस रकाने विसरून एक झाला. स्वातंत्र्य देण्यापूर्वी, १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह त्याच्यापासून तोडला. दिएगो गार्सिया येथे अमेरिकी तळ उभारता यावा म्हणून १९६८ ते १९७३ या काळात तेथील रहिवाशांना घरदार सोडावयास लावून मॉरिशस व सेशेल्समध्ये आणून टाकले. मॉरिशसने हा वाद चिकाटीने लढवला. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे विभाजन बेकायदेशीर ठरवले, मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्यास दुजोरा दिला, आणि २२ मे २०२५ रोजी सार्वभौमत्व मॉरिशसकडे सोपवण्याच्या करारावर दोन्ही देशांच्या सह्या झाल्या. लष्करी तळ ९९ वर्षे भाडेपट्ट्याने राखण्याची अट त्यात आहे. सैन्य नसलेल्या राष्ट्राने केवळ कायद्याच्या बळावर महासत्तांना येथवर आणावे, ही असामान्य कामगिरी होय.

परंतु त्या विजयानेच एक कसोटी पुढे ठेवली आहे. देशोधडीला लागलेले चागोसवासी बहुतेक आफ्रिकी वंशाचे असून मॉरिशसमध्येही त्यांच्या वाट्याला दारिद्र्य व उपेक्षाच आली. करारांच्या वाटाघाटींत आपल्याला कोणी विचारले नाही, ही त्यांच्यातील अनेकांची तक्रार आहे. जमीन मिळवताना ज्यांचे नाव घेतले, त्या माणसांना सन्मानाने वागवले गेले नाही, तर न्यायालयातील विजय अपुरा राहील. ‘सामान्य जनता’ या नावाखाली ज्यांना रकान्यात लोटले, त्यांच्यापर्यंत राज्य पोहोचते की नाही, यावरच मॉरिशसच्या लोकशाहीची पुढची परीक्षा होणार आहे.