चुलीत पिशवी नको गं बाई!

बचत गटाच्या कामाने चिखली-खामगावकडे फिरते, तेव्हा पऱ्हाटी पेट घेईना की चुलीत प्लास्टिकची पिशवी सारलेली हमखास दिसते. मैत्रिणींनो, तो विषारी धूर आपल्या अन् लेकरांच्या छातीत जातो. कचऱ्यात जळण आहे, हे खरंच. १९९० च्या दशकात मुंबईत देवनारला कचरा वाळवून, दाबून इंधनाच्या कांड्या केल्या होत्या. पण प्लास्टिक मिसळलेली कांडी चुलीसाठी नव्हेच. ती १४०० अंशांवर तापणाऱ्या सिमेंटच्या भट्टीची. २०१६ च्या नियमांनी असा जळाऊ, फेरवापर न होणारा कचरा पुरायला मनाई केली. मग आमच्याकडची घंटागाडी ओला-सुका एकत्र का कोंबते? भिजलेल्या कचऱ्याची कांडी कशी वळणार? आपण वेगळा देऊ, अन् एकत्र करणाऱ्या गाडीवाल्या दादाला तिथेच अडवू.