पश्चिमेची काच, दक्षिणेचा वारा

आधुनिक घर कसे असावे, हे हल्ली जाहिराती ठरवतात. जमिनीपासून छतापर्यंत काच, जिप्समचे फॉल्स सीलिंग आणि त्यात दडवलेले पिवळे दिवे, चकचकीत फरशी, भिंतभर लॅमिनेटचे कपाट, खोलीखोलीत एसी. पुण्यात हेच, नागपुरात हेच आणि कोलकात्याच्या उत्तरेला गंगेकाठी वसलेल्या बराकपुरातही हेच. हे घर सुंदर आहे की नाही यावर मी वाद घालत नाही, ज्याची त्याची आवड. पण त्याला आधुनिक म्हणतात, यावर माझा आक्षेप आहे. आपल्या गावात ऊन कुठून येते आणि वारा कुठून, याची साधी चौकशीही जे घर करत नाही, त्याच्यामागे कसलाच विचार नाही. आणि विचाराविना आधुनिकता कसली?

बराकपूर हुगळीच्या पूर्व काठावर आहे. तिथले लोक तिला गंगाच म्हणतात. गाव पूर्व काठावर म्हणजे नदी पश्चिमेला, आणि ‘नदी दिसणारा फ्लॅट’ म्हणजे पश्चिमेला तोंड केलेला फ्लॅट. या एका गोष्टीकडे कुणी लक्ष देत नाही. चैत्र-वैशाखात दुपारनंतरचे तिरपे ऊन थेट त्याच भिंतीवर येते. काच ते ऊन आत घेते, फरशी आणि सोफा तापतात, पण त्यांनी परत टाकलेली उष्णता त्याच काचेतून बाहेर पडत नाही. शेवटी नदीसाठी जादा पैसे मोजलेल्या घरात जेवणानंतर जाड पडदे ओढले जातात, ते दिवेलागणीलाच उघडतात. त्यात बंगालची ती वळवाची वादळे, कालबैसाखी, येतात वायव्येकडून. म्हणजे पहिला मारा पुन्हा याच काचेवर.

दक्षिणेचे अगदी उलटे. मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत तिथे वारा मुख्यत्वे दक्षिणेकडून वाहतो. म्हणूनच बंगाली माणूस घर पाहताना आधी विचारतो, ‘दक्षिण खोला’ आहे का? दक्षिण मोकळी असेल तर भाव जास्त. आमच्याकडचे वास्तुसल्लागार नेमके सांगतात की दक्षिण जड ठेवा, बंद ठेवा. मी इथे बंगाली गृहिणीच्या बाजूने आहे, आणि तिच्या बाजूने भूगोलही आहे. बराकपूर कर्कवृत्ताच्या थोडे खाली, सुमारे पावणेतेवीस अंशांवर आहे. जूनच्या मध्यान्ही तिथे सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जाही सावली पुरवतो. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो आणि त्याच खिडकीतून ऊन आत येते, तेव्हा ते हवेसेच असते. वारा देणारी, उन्हाळ्यात ऊन अडवू देणारी आणि थंडीत ऊन आणणारी दिशा पुस्तकातल्या एका वाक्यावरून भिंत घालून बंद करायची, याला शास्त्र कसे म्हणावे?

मग व्हरांडा, छज्जा, आडव्या पट्ट्यांच्या झिलमिली खिडक्या यांची बाजू घेतली की पहिला आक्षेप येतो: ही साहेबाच्या बंगल्याची आठवण आहे, आणि त्या बंगल्यातला गारवा रात्रभर पंखा ओढणाऱ्या माणसाच्या जागरणावर उभा होता. आक्षेपाचा उत्तरार्ध खरा आहे, तो मान्यच केला पाहिजे. पूर्वार्ध मात्र चुकीचा. मातीचे उंच जोते आणि भिंतींच्या बाहेर खूप पुढे आलेले, खाली सावलीची ओसरी तयार करणारे छप्पर ही बंगालच्या खेड्यातल्या घराची रचना. साहेबाने ती उचलली आणि तिला खांब लावले. बराकपुरात तर याची परीक्षाच झाली. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने तिथे भव्य प्रासाद बांधायला घेतला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना तो खर्च मान्य झाला नाही, १८०५ साली वेलस्ली परत गेला आणि अर्धवट राहिलेले काम पुढे पाडून टाकण्यात आले. टिकला तो तात्पुरता म्हणून उभारलेला बंगला. तोच वाढवत नेला, आणि राजधानी दिल्लीला हलेपर्यंत गव्हर्नर जनरल तिथेच मुक्कामाला येत राहिले.

स्वातंत्र्यानंतरचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. बराकपूरच्या घाटावर १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले. तिथे जो गांधीघाट उभा राहिला, त्याचे उद्घाटन नेहरूंनी १५ जानेवारी १९४९ रोजी केले. त्याचे वास्तुकार हबीब रहमान. अमेरिकेत एमआयटीत शिकलेले, आधुनिक वास्तुकलेचा एक प्रवर्तक वॉल्टर ग्रोपियस याच्या हाताखाली काम करून आलेले. म्हणजे आधुनिकतेचे धडे त्यांनी थेट उगमापाशी घेतले होते. असा माणूस बराकपुरात शिखर, घुमट आणि क्रूस यांचे आकार एका साध्या वास्तूत आणतो. पुढे दिल्लीच्या रवींद्र भवनाचा त्यांचा पहिला आराखडा नेहरूंना पसंत पडला नाही, तेव्हा त्यांनी जाळ्या आणि रुंद छज्जे असलेली इमारत नव्याने मांडली. आधुनिक शिकून आलेल्या माणसाला छज्ज्याचे वावडे नव्हते. कॅटलॉग चाळून आलेल्यांना ते आहे.

दुसरा आक्षेप: बंगला ठीक, उंच इमारतीत व्हरांडा कुठून आणणार? याचे उत्तर मुंबईत १९८३ पासून उभे आहे. मुंबईचा पेच बराकपूरसारखाच. समुद्र पश्चिमेला, वारा पश्चिमेचा, आणि मावळतीचे ऊन व पावसाचा मारा हेही पश्चिमेचेच. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी कांचनजंगा या अठ्ठावीस मजली इमारतीत जुन्या बंगल्याचा व्हरांडाच वर नेला: दोन मजले उंचीच्या, आत खोल गेलेल्या गच्च्या, ज्या ऊनपाऊस स्वतःवर घेतात आणि खोल्यांना सावलीत ठेवतात. ही श्रीमंतांची घरे, असे कुणी म्हणेल. तर त्याच कोरियांची नवी मुंबईतल्या बेलापूरची वसाहत पाहा. अल्प उत्पन्न गटासाठी, छोट्या भूखंडांवर, सात-सात घरे एका अंगणाभोवती. उघड्या जागेला त्यांनी चैन मानले नाही, घराचा भाग मानले. आपण मात्र ताबा मिळताच बाल्कनी ‘आत घेतो’, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवतो, आणि ती खिडकी कितीही उघडली तरी निम्मी बंदच राहते.

उकाडा वाढलाय, डास आहेत, रस्त्याचा गोंगाट आहे, एसीशिवाय भागणार कसे, हा तिसरा आक्षेप, आणि तो खरोखर वजनदार आहे. एप्रिल २०२४ च्या अखेरीस कोलकात्यात पारा ४३ अंशांवर गेला. अशा दिवशी म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना एसी हवाच. माझा विरोध आधी भिंत तापवून मग ती एसीने गार करण्याला आहे. दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट वीज घेतो, नवा छताचा पंखा तीसेक वॅट. दमट हवेत घाम वाळला की जिवाला बरे वाटते, आणि तो वाळवायला वारा लागतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली काढलेली ‘इको-निवास संहिता’ भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घालते. सावलीचा आग्रह हा असा आजच्या नियमातलाच आहे.

आणि डास, गोंगाट, शेजाऱ्यांच्या नजरा यांवर बंगालकडे एक जुने साधन आहे: खडखडी. लाकडी पल्ल्यात बसवलेल्या आडव्या पट्ट्या आणि त्या साऱ्यांना जोडणारी बोटभर जाडीची उभी दांडी. दांडी वरखाली केली की सगळ्या पट्ट्या एकदम हलतात. पूर्ण मिटल्या की अंधार. थोड्या तिरप्या केल्या की ऊन अडते, वारा शिरतो, आतून रस्ता दिसतो पण रस्त्यावरून आतले दिसत नाही. पल्ला उघडला तर खिडकी सबंध मोकळी. आतून डासांची जाळी लावा, काम झाले. माणूस, ऊन आणि वारा तिघांचा विचार करणारी इतकी हुशार वस्तू अडगळीत जाते आणि तिच्या जागी टिंटेड काच येते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आतल्या सजावटीचेही तेच. फॉल्स सीलिंग आधीच ठेंगण्या खोलीची अर्धा फूट उंची खाते. वरच्या बाथरूमची गळती त्यामागे मुकाट साचत राहते आणि एक दिवस तपकिरी डाग पडून फळी पोट काढते. बाहेरच्या भिंतीला चिकटून बसवलेल्या कपाटाच्या पाठीमागे पावसाळ्यात बुरशी, कधी वाळवी. गंगेकाठच्या हवेत भिंतीला लोणा लागतोच. तो झाकण्यापेक्षा भिंतीला श्वास घेऊ द्यावा. लाल कोब्याची, काळ्या किनारीची, घोटून गुळगुळीत केलेली जमीन कोलकात्याच्या जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. लेखक अमित चौधुरी यांनी २०१५ पासून अशा घरांसाठी मोहीम चालवली, ती स्मरणरंजन म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. असा कोबा घालणारे कारागीर आहेत तोवर तो आजच्या घरातही घालता येईल.

बराकपुरात, ठाण्यात किंवा कोल्हापुरात घर घेणार असाल, तर नमुना फ्लॅट सकाळी एसी लावून पाहू नका. मे महिन्यात दुपारी तीन वाजता जा, पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा, सगळ्या खिडक्या उघडायला सांगा, वारा एका बाजूने येऊन दुसरीकडून जातो का ते पाहा. जात नसेल तर दिव्यांवर आणि फरशीवर भुलून सही करू नका. आणि बाल्कनी मिळाली, तर ती आत घेऊ नका.