व्यवस्था आणि ताबा

कायद्याचं शिक्षण घेतलेल्या प्रत्येकाने १८५९ चा एक निकाल कधी ना कधी पाठ केलेला असतो. सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध कामाची बोये साहबा. सरकारने राज्यसत्तेच्या नात्याने केलेल्या कृतीवर न्यायालयात दाद मागता येत नाही, हे तत्त्व या निकालाच्या नावावर जमा आहे. परीक्षा संपली की तो विस्मरणात जातो. इंग्रज कारकुनाच्या कानाने बिघडवलेलं ते नाव आहे तंजावरच्या कामाक्षीबाईंचं. व्यंकोजीराजांनी कावेरीकाठी उभ्या केलेल्या भोसले गादीवरचे शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, यांच्या त्या थोरल्या राणी.

राजे १८५५ च्या ऑक्टोबरात वारले. मुलगा नव्हता. वर्षभरात कंपनी सरकारने राज्य खालसा ठरवलं आणि ऑक्टोबर १८५६ मध्ये कमिशनर फोर्ब्स यांनी फौजेच्या बळावर वाड्याचा ताबा घेतला. राज्य गेलं ते गेलंच. सोबत राजांची खाजगी मिळकत, दागदागिने, जमिनी यांवरही मोहोर लागली. कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला. राज्य त्यांनी मागितलंच नाही. नवऱ्याची खाजगी मालमत्ता मागितली, हिंदू विधवेचा वारसाहक्क म्हणून. मद्रासचं कोर्ट त्यांच्या बाजूने गेलं. लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये लॉर्ड किंग्जडाउन यांनी ते फिरवलं: झालं ते न्याय्य होतं की अन्याय्य, हे ठरवणं कोर्टाच्या अखत्यारीत नाही.

ज्या कंपनीशी ही बाई भांडत होती तिचाही एक बोर्ड होता, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. लेडनहॉल स्ट्रीटवर भरणारं ते 'कोर्ट ऑफ डायरेक्टर्स'. आधी चोवीस संचालक, १८५३ च्या कायद्यानंतर अठरा. कंपनीच्या भागधारकांत बायका होत्या. संचालकांत एकही नव्हती.

पण आपल्या, म्हणजे कंपनी सचिवांच्या, धंद्याच्या दृष्टीने खरी गोष्ट निकालानंतरची आहे, आणि ती पाठ्यपुस्तकात येत नाही. १८६२ मध्ये मद्रास सरकारने मेहेरबानी म्हणून खाजगी मिळकत परत दिली. ती देताना काढलेला हुकूम आजच्या कुठल्याही कंपनी सचिवाने वाचावा असा आहे. मिळकत थोरल्या विधवेच्या हाती द्यायची, व्यवस्था आणि ताबा तिचा. मात्र बाकीच्या विधवा सहवारस आहेत, त्यांना मिळकतीचा उपभोग योग्य रीतीने मिळेल हे पाहणं तिचं कर्तव्य. अधिकार आणि जबाबदारी एकाच वाक्यात. सहाच वर्षांत, १८६८ मध्ये, जिजयांबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई असा दावा मद्रास हायकोर्टात निकाली निघाला. सवती थोरलीच्या कारभारावर नाराज होत्या. हायकोर्टाने धरलं ते असं: मिळकत सर्व विधवांची सामाईक, थोरलीला व्यवस्थेचा अग्रहक्क, पण इतरींचा हक्क तिच्या मर्जीवर टांगलेला नाही.

आजच्या भाषेत सांगायचं तर अल्पसंख्य भागधारकांनी व्यवस्थापकीय संचालकाला कोर्टात खेचलं. दोन्ही बाजूंना बायकाच होत्या. 'राण्यांचं म्हणणं काय' असा प्रश्न त्या कोर्टात कुणाला पडला असेल असं वाटत नाही, कारण राण्यांचं एक म्हणणं नव्हतंच. एकीचं एक होतं, दुसरीचं दुसरं, आणि प्रत्येकीला आपल्या कारभाराचा जाब द्यावा लागत होता. आपल्या बोर्डरूममध्ये नेमकं हेच अजून घडलेलं नाही. तिथे एक बाई असते आणि ती 'महिलांचं मत' मांडते असं गृहीत धरलं जातं.

तंजावर जिल्ह्यात हिंडताना याची उलट बाजूही दिसते. भोसल्यांनी यात्रेकरूंसाठी बांधलेली छत्रं, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, घराण्याशी जोडलेल्या स्त्रियांच्या नावाने ओळखली जातात. नीडामंगलमचं यमुनांबाळ, ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ. ओरत्तनाडूचं छत्र सरफोजीराजांनी १८०२ च्या सुमारास बांधलं. दगडी मंडप रथाच्या आकाराचा, त्याला हत्ती-घोडे जुंपलेले. छत्र जिच्या नावाचं तिला त्याचे हिशेब कधी दाखवले गेले का, हे पाटीवरून कळत नाही. वार्षिक अहवालातल्या संचालकांच्या रंगीत फोटोवरूनही नाही कळत.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४९ ने प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला, आणि भरणा झालेलं भांडवल किमान १०० कोटी किंवा उलाढाल किमान ३०० कोटी असलेल्या इतर सार्वजनिक कंपन्यांना, किमान एक स्त्री संचालक सक्तीची केली. सेबीने आधी १ ऑक्टोबर २०१४ ही तारीख दिली, मग ती मार्च २०१५ अखेरीपर्यंत लांबवली. त्या मार्चमध्ये आपल्यातल्या अनेकांनी काय केलं ते आपल्यालाच ठाऊक आहे. प्रवर्तकाची पत्नी, वहिनी, मुलगी यांचा डिन (संचालक ओळख क्रमांक) काढला, डीआयआर-२ वर संमतीची सही घेतली, डीआयआर-१२ भरला, आणि मेल टाकली: पूर्तता झाली. कायद्यात 'स्वतंत्र' हा शब्द नव्हता, त्यामुळे आपण काही चुकीचं करत नव्हतो. ते भोक बुजवायला कोटक समितीचा २०१७ चा अहवाल लागला. मग बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या हजारांना १ एप्रिल २०२० पासून किमान एक स्वतंत्र स्त्री संचालक बंधनकारक झाली.

माझा आक्षेप त्या 'किमान' शब्दाशी नाही. त्याचं 'कमाल' आपण केलं, याच्याशी आहे. नॉर्वेने २००३ मध्ये सार्वजनिक कंपन्यांना ४० टक्क्यांचा कायदा केला आणि २००८ पर्यंत तो पाळला नाही तर कंपनी बरखास्त, इथपर्यंत धमकी नेली. युरोपीय संघाने २०२२ च्या निर्देशात बिगर-कार्यकारी संचालकांसाठी ४० टक्के हाच आकडा धरला. आपल्याकडे पंधरा जणांच्या बोर्डालाही एक पुरते आणि सहा जणांच्या बोर्डालाही एकच. टक्केवारी हवी की नको यावर वाद होऊ शकतो. मी स्वतः टक्केवारीच्या बाजूचा आहे, कारण स्वेच्छेने काय होतं ते २०१३ च्या आधी पाहून झालं आहे. पण कायदा बदलेपर्यंत दुसरी बाई नेमायला कुणी हात धरलेला नाही.

आता एक मुद्दा तातडीचा आहे. स्वतंत्र संचालकाला पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती मिळतात, दुसरीसाठी विशेष ठराव लागतो, आणि नंतर तीन वर्षं बाहेर बसावं लागतं. २०१४-१५ मध्ये ज्या स्वतंत्र स्त्री संचालक आल्या त्यांची दहा वर्षं भरली किंवा भरत आली आहेत. खऱ्या अर्थाने कसलेली ही पहिली पिढी. त्यांनी ऑडिट कमिट्या चालवल्या, दिवाळखोरीतल्या कंपन्या पाहिल्या, कोविडच्या काळात व्हिडिओवर मीटिंगा केल्या. त्या एकदम बाहेर पडताहेत आणि जागा भरण्याची घाई पुन्हा तशीच आहे. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. स्त्री संचालकाची जागा मध्येच रिकामी झाली तर कंपनी कायदा म्हणतो, पुढची बोर्ड मीटिंग किंवा तीन महिने, यांतलं जे नंतर येईल ते. सेबीचे नियम मात्र तीन महिन्यांवर थांबतात, आणि मुदत संपल्यामुळे बोर्डाची रचना नियमात बसेनाशी होणार असेल तर ती संपण्याच्या तारखेलाच नवीन नाव हवं असं सांगतात. मुदत कधी संपणार हे आपल्याला पाच वर्षं आधी माहीत असतं. तरीही शेवटच्या महिन्यात 'कोणी मॅडम सुचवा ना' असा फोन येतो, आणि सुचवली जाते ती आधीच पाच-सहा बोर्डांवर असलेली मॅडम. सूचीबद्ध कंपन्यांत सात संचालकपदांची मर्यादा आहे, ती काही जणींच्या बाबतीत आपणच भरत आणून ठेवली आहे.

नेमणूक झाल्यावर पुढचं सगळं आपल्या हातात असतं, हे आपण फारसं कबूल करत नाही. बोर्डात सचिवाला मत नसतं. पण मीटिंग किती वाजता, कागद किती दिवस आधी, कोण कुठल्या समितीवर, हे टिपण आपण करतो. नवी स्त्री संचालक बहुधा सीएसआर समितीवर जाते. ऑडिटवर, आणि नामनिर्देशन व मानधन समितीवर नाही. जिथे पुढचा संचालक ठरतो ती समिती ही दुसरी, आणि तिथे ती नसेल तर पुढची जागा पुन्हा क्लबातल्या ओळखीने भरली जाणार. गणपूर्तीचं पाहा. मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांत ती एक तृतीयांश किंवा तीन, जे जास्त असेल ते, आणि त्यांत किमान एक स्वतंत्र संचालक. स्त्री संचालक हजर असलीच पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही. तिला न जमणारी वेळ ठेवली तरी मीटिंग वैध.

आणि इतिवृत्त. प्रवर्तकाच्या दुसऱ्या कंपनीला द्यायच्या कर्जाचा विषय आहे असं समजा. स्त्री संचालक विचारते: व्याजदर बँकेपेक्षा कमी का, तारण काय, मागचं कर्ज कधी फिटलं? सीएफओ एक उत्तर देतो, एक टाळतो. ती म्हणते, मला हे पटलेलं नाही. अध्यक्ष घड्याळ बघतात. दहा दिवसांनी आपल्या मसुद्यात येतं: 'संचालकांनी काही स्पष्टीकरणे मागितली. व्यवस्थापनाने ती दिली. सविस्तर चर्चेनंतर ठराव संमत करण्यात आला.' कलम ११८ नुसार ठरावाला विरोध करणाऱ्या संचालकाचं नाव इतिवृत्तात यायला हवं. 'पटलेलं नाही' म्हणजे विरोध की नाही, हे तिथल्या तिथे विचारणं सचिवाचं काम आहे. तिने काय विचारलं, कोणतं उत्तर आलं आणि कोणतं आलं नाही, एवढं तीन ओळींत लिहिता येतं. पंधरा दिवसांत मसुदा फिरवायचा, सात दिवसांत अभिप्राय घ्यायचे. सेक्रेटरियल स्टँडर्ड-१ ने सोय करून ठेवली आहे. उद्या सेबीची नोटीस आली तर त्या तीन ओळी तिला वाचवतील, आणि कदाचित आपल्यालाही. संचालक म्हणून जबाबदारी तिच्यावर पूर्ण आहे. दंडाची वेळ येते तेव्हा 'महिला म्हणून घेतलं होतं' हा बचाव चालत नाही. कामाक्षीबाईंना 'व्यवस्था आणि ताबा' दोन्ही मिळाले होते. आपण बऱ्याच जणींना जाब देण्याचं ओझं देतो आणि जाब देता येईल इतका कागद देत नाही.

सहकारी संस्थांतल्या वाचकांनाही यातून सुटका नाही. ९७ व्या घटनादुरुस्तीने संचालक मंडळावर स्त्रियांसाठी दोन जागा ठेवल्या. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती बहुराज्य संस्थांपुरतीच उरवली, तरी महाराष्ट्राच्या कायद्यात दोन जागा आहेत. तिथे नावं 'सौ.' लावून येतात आणि सभेला कोण येतं ते सगळ्यांना माहीत असतं. याच राज्यात पुण्याची भगिनी निवेदिता बँक १९७४ पासून आणि म्हसवडची माणदेशी महिला बँक १९९७ पासून चालते. लिज्जतचा कारभार तर १९५९ पासून बायकाच पाहतात. तिथे 'एक महिला संचालक' हा शब्दप्रयोगच हास्यास्पद ठरेल.

उमेदवार मिळत नाहीत ही तक्रार उरते. पुन्हा तंजावर जिल्ह्याकडेच वळू. कुंभकोणमला सिटी युनियन बँकेचं मुख्यालय आहे. १९०४ मध्ये कुंभकोणम बँक म्हणून निघालेली ही बँक सूचीबद्ध आहे आणि मुख्यालय तिने अजून हलवलेलं नाही. अशा प्रत्येक बँकेला स्त्री संचालकाच्या नियमाखेरीज बँकिंग नियमन कायद्याचं कलम १०अ लागू होतं. बोर्डावरच्या किमान ५१ टक्के जणांना लेखा, कायदा, शेती, सहकार अशा विषयांचं ज्ञान किंवा अनुभव हवा, आणि त्यांत किमान दोघांना शेती व ग्रामीण अर्थकारण, सहकार किंवा लघुउद्योगातला. ही दोन पदं भरताना निवृत्त अधिकाऱ्यांची यादी उघडायची सवय आहे. कावेरीच्या खोऱ्यात भाताच्या हंगामाचं कर्ज, पाणी कधी सुटेल याचा अंदाज आणि बचतगटाची वसुली यांचा हिशेब कोण ठेवतं? जरा उत्तरेला, तिरुपतीजवळ, २०१४ पासून श्रीजा महिला दूध उत्पादक कंपनी उभी आहे. सभासद सगळ्या बायका. उत्पादक कंपनीत पाच ते पंधरा संचालक असतात, त्यांना वार्षिक सभेत प्रश्न झेलावे लागतात आणि ताळेबंदावर सही करावी लागते. हा अनुभव स्वतंत्र संचालकांच्या डेटाबँकेतल्या परीक्षेपेक्षा कमी दर्जाचा कसा?

नामनिर्देशन समितीपुढे यंदा जाणारी यादी आपणच टाइप करणार आहोत. तिच्यात बँकेच्या माजी महाव्यवस्थापकांच्या खाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर, उत्पादक कंपनीच्या एखाद्या माजी अध्यक्षा आणि जिल्हा सहकारी बँकेत वसुली सांभाळलेल्या एखाद्या अधिकारी बाई का नसाव्यात? मुदती संपण्याच्या तारखा काढायला एक दुपार पुरते. ती यादी सप्टेंबरच्या वार्षिक सभेची नोटीस छापायला जाण्याआधी समितीच्या टेबलावर हवी.