गावाच्या पाण्याला लाल कार्ड मिळालं तर?

जामनेर तालुक्यातल्या पहूरला दोन ग्रामपंचायती आहेत, पेठ आणि कसबे. त्यामुळे पाण्याची कार्डंही दोन. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरीभोवतीची घाण, पाइपची गळती, टीसीएल पावडरचा साठा तपासतो. जोखीम कमी असेल तर हिरवं कार्ड, मध्यम असेल तर पिवळं, जास्त असेल तर लाल.

पण गोम अशी, की लाल कार्ड हा दंड नाही, इशारा आहे. गळती काढायची ग्रामपंचायतीनेच. आणि हिरव्या कार्डावरून आजच्या पाण्यात टीसीएल पडली का, हे कळत नाही. ते ओटी टेस्टमध्ये कळतं. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, तर क्लोरिन शिल्लक आहे. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. ही टेस्ट टाकीपाशी नको, गावातल्या शेवटच्या नळावर करायला सांगा.