बी फुकट, रोप महाग

‘बी सापडलंय रे, कुंडीत टाकून बघू का?’ असं कुणी म्हणालं तर तुम्ही काय सांगाल? मी म्हणेन, नको.

गांजात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. परागकण वाऱ्यावर पार किलोमीटरभर लांब जातात. त्यामुळे अशा चुकून धरलेल्या बीचा बाप कोण, कुणालाच ठाऊक नसतं. साधारण निम्मी रोपं नर निघतात. उरलेली आईवर जातील याचीही खात्री नाही.

कायदा मात्र पक्का आहे. १९८५च्या एनडीपीएस कायद्यानुसार नुसतं बी म्हणजे गांजा नव्हे. पण परवानगीशिवाय ते लावलंत की दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एका कुंडीलाही सूट नाही!

हा कायदा फार कडक वाटतो? मलाही वाटतो. मग त्यावर बोला, लिहा, बिनधास्त वाद घाला. पण पासपोर्ट, नोकरी, घरच्यांची झोप पणाला लावून नको.

आणि संकराची गंमतच बघायची असेल, तर लवंगी आणि ढोबळी मिरची शेजारी-शेजारी लावा. त्यांचं बी पुढच्या वर्षी पेरा. एखादी ‘ढोबळी’ जीभ भाजेल, एवढंच!