कायद्याचा अभ्यास आणि पंच्याऐंशी हजारांचा लॅपटॉप

यंदा बी. कॉम.ची परीक्षा आटोपली की तीन वर्षांच्या एलएल. बी.ला प्रवेश घ्यावयाचा असे मी ठरविले आहे. आमच्या घराण्यात आजवर वकील कोणी झालेला नाही. वडील उद्यमबागेतील एका फौंड्रीत नोकरीस आहेत. माझा हा बेत गल्लीत समजला आणि सल्ल्यांचा वर्षाव सुरू झाला. गंमत अशी की, कायद्याविषयी एक अक्षर कोणी बोलेना. जो तो एकच प्रश्न विचारी, "मग लॅपटॉप कुठला घेणार?"

पुण्याच्या मावसभावाने फोनवरून एक लांबलचक यादी सांगितली. मामा म्हणाले, "घ्यायचा तर एकदाच चांगला घे, पुन्हा पुन्हा होत नाही." शेवटी बाबा आणि मी एका दुकानात गेलो. "लॉ करणार म्हणजे आय सेव्हन पाहिजेच, शिवाय ग्राफिक कार्ड पाहिजे," असे सांगून दुकानदाराने पंच्याऐंशी हजारांचा एक लॅपटॉप पुढे ठेवला. बाबांनी तो हातात घेऊन पाहिला, परत ठेवला आणि मला म्हणाले, "लागत असेल तर घेऊ या. भिशीचा नंबर लागेल, उरलेले सोसायटीतून काढतो."

'लागत असेल तर' हे त्यांचे शब्द मला त्या रात्री झोपू देईनात. खरेच लागतो का, हे त्यांना ठाऊक नव्हते. दुकानदाराला तर नव्हतेच. आणि ज्याच्यासाठी ही खटपट चालली होती त्या मलाही नव्हते. म्हणून पुढचे काही दिवस मी चौकशी केली. कायद्याच्या वर्गातील दोन ज्येष्ठ विद्यार्थ्यांना व ओळखीच्या एका वकीलकाकांना भेटलो आणि वहीत हिशेब मांडला. त्यातून जे मत बनले ते प्रथमच सांगून टाकतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला लॅपटॉप उपयोगी आहे. परंतु महाग लॅपटॉप त्याला मुळीच लागत नाही, आणि तो नाही म्हणून कोणी कायद्याची वाट सोडावी हे तर सर्वस्वी चूक आहे.

काम कोणते, ते आधी पाहावे

कोणतेही साधन घेताना त्यावर काय काम करावयाचे आहे, हा पहिला प्रश्न असावा. कायद्याच्या विद्यार्थ्याचे काम दोनच प्रकारचे असते: पुष्कळ वाचणे आणि पुष्कळ लिहिणे. ग्राफिक कार्डाचा उपयोग खेळांना, चित्रफितींच्या संपादनाला वा अभियांत्रिकीच्या आराखड्यांना होतो. १९७३ सालचा केशवानंद भारती खटल्याचा निकाल सातशेच्या आसपास पानांचा आहे. पण तो उघडावयास साधे यंत्र पुरते. दम लागतो तो वाचणाऱ्याला, यंत्राला नव्हे!

ह्या वाचनाची बरीचशी सामग्री आज विनामूल्य मिळते, हे पुष्कळांना माहीत नसते. केंद्राचे कायदे सरकारच्या 'इंडिया कोड' ह्या संकेतस्थळावर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने आपले निकाल जानेवारी २०२३ पासून 'ई-एससीआर' ह्या नावाने सर्वांसाठी खुले केले. 'इंडियन कानून'वरही निकाल शोधता येतात. ह्यांतले काहीही उघडण्यासाठी पंच्याऐंशी हजारांचे यंत्र लागत नाही.

मग मोबाइलवरच का भागवू नये? आमच्या वर्गातील एका मित्राने मला हाच प्रश्न केला, आणि तो अगदीच खोटा नाही. पहिले काही महिने मोबाइल, वही आणि ग्रंथालय एवढ्यावर निघू शकतात. परंतु एक अडचण सांगतो. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुन्या संहितेची कलमे ५११ होती, नवीची ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. सर्वांच्या तोंडी असलेले ४२० आता ३१८ मध्ये गेले. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनाच कायदा लागू आहे, आणि मागील दीडशे वर्षांचे निकालही जुन्या कलमांनीच लिहिलेले आहेत. म्हणजे आपल्या पिढीला जुने आणि नवे शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागणार. मोबाइलच्या चार बोटे रुंद पडद्यावर ते होत नाही. डोळे मात्र जातात. त्याचप्रमाणे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेसाठी वीस-पंचवीस पानांचे निवेदन तळटीपांसह लिहावयाचे तर कळफलक हवाच.

तर मग कसा घ्यावा?

माझ्या चौकशीत जे निघाले ते असे. पडदा चौदा इंचांच्या आसपास, फुल एचडी आणि चकाकी नसलेला असावा. रोज चार-पाच तास त्याच्याकडेच पाहावयाचे असते. कळफलक दुकानात उभे राहून एक परिच्छेद टंकून तपासावा. दुकानदार कंटाळला तरी हरकत नाही. वजन दीड किलोच्या जवळपास असावे. मला दाखविलेले यंत्र अडीच किलोच्या घरात होते, वर चार्जरचे ओझे वेगळे. कायद्याची दोन जाड पुस्तके आणि ते यंत्र घेऊन बसमध्ये उभ्याने यावयाचे, ह्याचा विचार दुकानात होत नाही. बॅटरी सहा-सात तास टिकावी, कारण वर्गातील प्रत्येक बाकाजवळ प्लग नसतो. रॅम आठ जीबी पुरते, सोळा असल्यास पुढची काळजी मिटते. साठवण एसएसडी पद्धतीची असावी. २५६ जीबीत भागते, ५१२ असल्यास उत्तम. प्रोसेसर मधल्या दर्जाचा चालतो. आणि दुरुस्तीची सोय आपल्याच गावात आहे ना, हे विचारून घ्यावे. नाहीतर ऐन परीक्षेत यंत्र परगावी आणि आपण इकडे, असा प्रकार व्हावयाचा.

वापरलेला लॅपटॉप घेण्यातही कमीपणा नाही. कंपन्यांनी वापरून काढून टाकलेली कार्यालयीन यंत्रे मजबूत असतात आणि त्यांचा कळफलक पुष्कळदा नव्या स्वस्त यंत्रापेक्षा सरस असतो. मात्र एक दक्षता घ्यावी. 'विंडोज १०'चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्यामुळे 'विंडोज ११' अधिकृतपणे चालेल असेच यंत्र घ्यावे. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. बॅटरी किती उरली आहे ते पाहावे आणि पक्के बिल घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. लिहिण्यासाठी 'लिबरऑफिस' फुकट मिळते.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे वाटते. इंटरनेटवरील पुष्कळसे सल्ले अमेरिकेतील विद्यार्थ्यांसाठी असतात. तेथील कित्येक लॉ स्कूलांत परीक्षाही विद्यार्थी आपल्याच लॅपटॉपवर, कुलूपबंद सॉफ्टवेअरमध्ये देतात. आपणांस तीन तास पेनानेच लिहावयाचे आहे. तेव्हा तिकडचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये आणि हाताने टिपणे काढण्याची सवयही सोडू नये.

तीन लिप्यांचा प्रश्न

हे सारे कोठल्याही गावच्या विद्यार्थ्याला लागू आहे. आपल्या सीमाभागाची गरज मात्र थोडी निराळी आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. जिल्ह्याच्या न्यायालयात कन्नड चालते. आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असल्याने जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे पुष्कळदा मराठीत सापडतात. शिवाय घरची फिर्याद घेऊन येणारा पक्षकार बोलणार मराठीतच. येथे वकिली करणाऱ्याला तिन्ही लिप्या हाताशी हव्यात.

ह्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, हे मला नव्याने कळले. 'इन्स्क्रिप्ट' नावाचा कळफलक विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आयताच असतो. त्याची खुबी अशी की, भारतीय लिप्यांतील समान अक्षरे एकाच कळीवर आहेत. मराठीचा 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नडचाही 'क'. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. एकदा बोटांना वळण लागले की दोन्ही लिप्या आल्या. ह्याच अंकाचे कन्नड विभागातील लेखन त्याच बोटांनी टंकता येईल! लेखन मात्र युनिकोडमध्ये करावे. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला तर अगम्य चिन्हे दिसतात, आणि न्यायालयाच्या कामात तसे होऊन चालणार नाही.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याचा हिशेब

आता थोडे माझ्या विषयाचे. १९६२ च्या आयकर नियमांत संगणकाला घटत्या शिलकीवर वर्षाला ४० टक्के घसारा धरला होता. तोच दर घेऊ. पंच्याऐंशी हजारांचा लॅपटॉप पहिल्या वर्षाअखेर ५१,०००, दुसऱ्या ३०,६०० आणि पदवी हाती येईल तेव्हा १८,३६० रुपयांचा उरतो. म्हणजे ६६,६४० रुपये विरले. त्याच दुकानात माझ्या गरजेत बसणारा पंचेचाळीस हजारांचा लॅपटॉप होता. तो तीन वर्षांनी ९,७२० रुपयांवर येतो. त्यात विरले ३५,२८०. तफावत ३१,३६० रुपयांची. एवढ्या रकमेत मूळ कायद्यांची आणि टीकाग्रंथांची एक लहान कपाटभर पुस्तके येतात.

'बिनव्याजी हप्ता' ह्या शब्दालाही भुलू नये. व्याज त्यात असतेच. तेवढी सूट किमतीत दाखवून ते झाकलेले असते, आणि प्रक्रिया शुल्क व व्याजावरील जीएसटी पुष्कळदा वेगळा लागतो. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. रोखीने घेतल्यास किती कमी कराल, एवढे विचारले की खरी किंमत समजते.

भीती कशाची?

इतके कळूनही पंच्याऐंशी हजारांचे ते यंत्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. का, ह्याचा विचार केला तेव्हा जे उत्तर सापडले ते कबूल करावयास संकोच वाटतो. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले. कन्नड मी गल्लीत आणि शाळेत शिकलो, कामापुरते लिहितोही. पण इंग्रजीत उभे राहून बोलावयाचे म्हटले की जीभ जड होते. कायद्याच्या वर्गात इंग्रजी माध्यमातली मुले असतील, त्यांच्या शेजारी बसताना निदान यंत्र तरी त्यांच्या तोडीचे असावे, अशी माझी सुप्त इच्छा होती. म्हणजे माझ्या भीतीची किंमत बाबांनी सोसायटीच्या हप्त्यांतून फेडावयाची!

वकीलकाकांना मी हे बोलून दाखविले. ते हसले नाहीत. म्हणाले, "न्यायाधीश लॅपटॉपकडे बघत नाहीत रे, कलम सांग म्हणतात. रोज एक निकाल वाच आणि दहा ओळींत आपल्या शब्दांत लिही. आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत. वर्षभराने मला भेट." मला वाटते, मराठी माध्यमातून येणाऱ्या प्रत्येकाने हा सल्ला लिहून ठेवावा. इंग्रजीची भीती सरावाने जाते. विकत घेतलेल्या वस्तूने ती फक्त झाकली जाते.

शेवटी एक विनंती. माझ्याच वर्गातील एक मित्र कायद्याला जाणार होता. घरी लॅपटॉपचा खर्च झेपणार नाही म्हणून त्याने अर्जच भरला नाही. पहिल्या सत्रात तो नसला तरी चालते, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. प्राध्यापकांनी पदवीच्या शेवटच्या वर्षी वर्गात एवढे एक वाक्य सांगितले तरी असे मित्र वाचतील. आणि ज्या महाविद्यालयांना शक्य आहे त्यांनी, पुस्तके देतात त्याप्रमाणे, चार-पाच साधे लॅपटॉप ग्रंथालयातून आठवड्याच्या बोलीने द्यावेत. संगणकाच्या खोल्यांतून जुनी यंत्रे काढतात, तेव्हा त्यांतली चालू स्थितीतील काही ह्या कामी लावता येतील.

माझ्यापुरते म्हणाल तर पंचेचाळीस हजारांचाच लॅपटॉप घ्यावयाचे ठरले आहे, आणि तोही दिवाळीनंतर. तोवर वही आहे, ग्रंथालय आहे. हे सांगितले तेव्हा बाबांनी विचारले, "कमी पडणार नाही ना?"

"यंत्र नाही पडायचे," मी म्हणालो. मी कमी पडू नये, एवढे आता माझ्याकडे आहे.

— बी. कॉम., तृतीय वर्ष